हामिदच्या हातात काय होते?

सुटी लागली की मुलांना काय उद्योग द्यावा, अशी विचारणा अनेक माताभगिनी करतात. या वेळी आम्ही एक उद्योग सुचवतो. त्याला फारसा खर्च नाही. घरात सर्वांनी मिळून एक गोष्ट वाचायची, त्या गोष्टीतले एक माणूस निवडायचे आणि त्याचे पोस्टकार्ड तयार करायचे. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला चार ओळी आणि पत्ता. मग ते कार्ड खरोखर टपालपेटीत टाकायचे.

ऐकायला हे सोपे वाटते. पण पेन्सिल हातात घेतली की पहिला प्रश्न समोर येतो : हा माणूस दिसतो कसा? आणि तिथेच कळते की गोष्ट आपण नुसती ऐकली होती की नीट वाचली होती.

सुरुवातीला आम्ही प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घ्यावी म्हणतो. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती शाळेत हिंदीच्या तासाला वाचलेली असेल. चार-पाच वर्षांचा हामिद. आईबाप गेलेले, घरी म्हातारी दादी अमीना. रमजानचे तीस रोजे झाले आणि ईद आली. गावातली मुले शहराच्या ईदगाहकडे निघाली आहेत. कुणाजवळ बारा पैसे, कुणाजवळ पंधरा, हामिदजवळ तीन. नमाज झाल्यावर जत्रेत मुले खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद मात्र लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबतो. तव्यावरून रोटी काढताना दादीची बोटे भाजतात, हे त्याला आठवते. सहा पैसे सांगितलेला चिमटा तो घासाघीस करून तीन पैशांत घेतो आणि बंदुकीसारखा खांद्यावर टाकून घरी येतो.

आता एक प्रयोग करून पाहा. मुलांना पुस्तक मिटून ठेवायला सांगा आणि हामिदचे चित्र काढायला द्या. बहुतेक कागदांवर काय येईल ते आम्ही आधीच सांगतो. हिरवा कुर्ता. पांढरीशुभ्र नवी टोपी. मागे दोन मिनार, वर चंद्रकोर आणि तिच्या कुशीत चांदणी. चित्र छान दिसेल. आता पुस्तक उघडा आणि त्या चित्राशी ताडून पाहा.

टोपी नवी नाही. ती जुनीपुराणी आहे आणि तिची जरीची किनार काळी पडली आहे. पायांत जोडे नाहीत. ईदगाहचे वर्णन प्रेमचंद करतात त्यात चिंचेच्या झाडांची दाट सावली आहे, खाली पक्की फरशी आहे, तिच्यावर जाजम अंथरलेले आहे. मिनार त्या वर्णनात नाही. कुर्त्याचा रंगही लेखकाने सांगितलेला नाही. मग हिरवा आला कुठून?

तो मुलांच्या डोळ्यांतून आला, आणि त्यांच्या डोळ्यांत तो जाहिरातींनी, मालिकांनी, पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांनी भरला. ईदगाह म्हणजे उघडे मैदान, हे आपल्या मुलांना चांगले ठाऊक असते. आपल्या गावच्या ईदगाहला ती वर्षातून दोनदा जातात. तिथे कडुनिंब असेल, नाहीतर चिंच किंवा वड असेल, हेही त्यांनी पाहिलेले असते. तरीसुद्धा ‘मुसलमान मुलगा काढ’ म्हटले की पाहिलेले बाजूला राहते आणि छापील चित्र हातातून उतरते. इतरांनी आपले चित्र असे काढले तर आपण नाराज होतो. आपलेच मूल स्वतःला त्याच ठशातून ओळखू लागले, तर त्याची काळजी कुणी करायची? हा उद्योग सुचवण्यामागचे खरे कारण हेच आहे.

नावाऐवजी धंदा

पोस्टकार्डाचा आणि या ठशांचा संबंध जुना आहे. जगातले पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून सुरू झाले, किंमत पाव आणा. पुढे कार्डावर चित्र आले. सुरुवातीला एका बाजूला फक्त पत्ता लिहिण्याची मुभा होती, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेने कसाबसा कोंबावा लागे. १९०२ साली ब्रिटनमध्ये पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी मिळाली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, आणि दुसरी बाजू सबंध चित्राला मोकळी. नंतर इतर देशांनी हीच पद्धत उचलली आणि चित्रकार्डांचा जगभर सुकाळ झाला.

आपल्या देशात त्या काळी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांतून कार्डे छापून विकली जात. साहेब लोक ती विलायतेत आपल्या माणसांना धाडत. त्यांवर इमारती असत, घाट असत आणि माणसेही असत. पण माणसांच्या चित्राखाली नाव नसे. भिश्ती, आया, धोबी, शिपाई, फकीर असा धंदा किंवा जात लिहिलेली असे. पाठीवर मशक घेतलेला भिश्ती तर या कार्डांवर हमखास. त्या भिश्त्याचे नाव काय, त्याला मुले किती, संध्याकाळी घरी गेल्यावर तो काय बोलत असे, हे कार्ड घेणाऱ्याने कधी विचारले नाही, छापणाऱ्याने सांगितले नाही.

सगळीच कार्डे अशी कोरडी होती, असे मात्र नाही. कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या जीवनावर जी कार्डे चितारली, त्यांतही धंद्याची नावे आहेत. पण धुरंधरांचा हात असा की चेहऱ्यावरचा ठसका, उभे राहण्याची ऐट त्यात उतरते. ठरीव नमुन्यातूनही माणूस डोकावतो.

आता पुन्हा ‘ईदगाह’कडे वळू. हामिदच्या सोबत्यांनी जत्रेत कोणती मातीची खेळणी घेतली ते आठवा. महमूदने शिपाई, मोहसिनने भिश्ती, नूरेने वकील, सम्मीने धोबीण. साहेबाच्या कार्डांवरची यादी आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा. तीच माणसे, तशीच बिननावाची! आणि घरी पोचल्यावर त्यांचे काय होते? भिश्ती बहिणीच्या झटापटीत पडून फुटतो, वकील खाली कोसळतो, शिपायाचा पाय मोडतो. संध्याकाळपर्यंत टिकतो तो चिमटा. प्रेमचंदांनी हे पोस्टकार्डे डोळ्यांपुढे ठेवून लिहिले, असा आमचा दावा नाही. पण गोष्ट आणि पोस्टकार्ड यांतला फरक समजायला याहून चांगले उदाहरण आम्हाला दिसत नाही. ती कार्डे माणसाचा धंदा करत होती. गोष्ट त्याला नाव देते, घर देते, भाजलेली बोटे देते. आपण जे कार्ड करायचे ते गोष्टीच्या बाजूचे हवे.

तीन कार्डे

कसे करावे हे सांगण्यासाठी आम्ही तीन गोष्टी घेतो. मुलांच्या वयाप्रमाणे यातली कोणतीही निवडता येईल.

पहिले कार्ड हामिदचे. त्याचे तीन क्षण चित्राजोगे आहेत : दुकानदाराशी घासाघीस, चिमटा खांद्यावर टाकून चालणे, आणि दादीच्या हातात चिमटा देणे. एका कार्डात एकच क्षण घ्यावा. तिन्ही कोंबले की कॉमिकचे पान होते. आम्हाला विचाराल तर दुसरा क्षण घ्यावा, आणि तोही मागून. धुळीचा रस्ता, अनवाणी पाय, काळवंडलेल्या किनारीची टोपी, खांद्यावर चिमटा. चेहरा दिसायची गरजच नाही. पुढे चालणाऱ्या मुलांच्या हातांत रंगीत खेळणी दाखवा आणि चिमट्याला फक्त काळा-करडा रंग द्या. सगळ्या रंगांच्या मध्ये तो करडा चिमटाच आधी नजरेत भरतो. मुलांना रंगसंगती शिकवायला वेगळा तास घ्यावा लागत नाही.

आणखी एक कार्ड अमीनाचे करता येईल, आणि ते सहसा कुणी करत नाही. चूल, तवा, तव्यावर रोटी आणि तिच्याकडे गेलेला एक सुरकुतलेला हात. बस. हामिद त्यात कुठेच नाही, तरी हे हामिदचेच कार्ड आहे, कारण जत्रेत मिठाईच्या दुकानासमोरून पुढे जाताना त्याच्या डोळ्यांपुढे हेच होते.

दुसरे कार्ड रहमतचे. रवींद्रनाथ टागोरांची ‘काबुलीवाला’ ही गोष्ट १८९२ सालची. सुकामेवा विकणारा अफगाण रहमत आणि कलकत्त्याच्या घरातली पाच वर्षांची मिनी यांची दोस्ती. इथे मोठ्यांना एक सूचना. १९६१ सालचा हिंदी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे बलराज साहनीच उभे राहतात. चित्रपट सुंदर आहे, पण कार्ड गोष्टीचे करायचे आहे. टागोरांनी रहमतचे वर्णन थोडक्यात केले आहे : मळके ढगळ कपडे, डोक्याला पगडी, खांद्यावर झोळी, हातात द्राक्षांच्या दोन-चार पेट्या.

एवढ्यावर एक चांगले कार्ड होईल. पण त्या गोष्टीतच एक कागद आहे, त्याच्याकडे आम्ही मुलांचे लक्ष वेधू. तुरुंगवास भोगून रहमत परत येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. तेव्हा तो कुर्त्याच्या आतून एक मळका, घडी घातलेला कागद काढतो. त्यावर एका चिमुकल्या हाताचा ठसा असतो. फोटो नाही, रंगीत चित्र नाही. दूर देशी राहिलेल्या मुलीच्या तळव्याला काजळी फासून कागदावर उमटवलेला ठसा. तो छातीशी बाळगून हा माणूस दरवर्षी कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेवा विकायला येत असे.

रहमतचे कार्ड करायला चित्रकला यावी लागत नाही. धाकट्या भावंडाच्या तळव्याला काजळ किंवा काळा रंग लावा आणि कार्डावर हलकेच दाबा. पाच वर्षांच्या मुलाचा तळवा पोस्टकार्डावर आरामात मावतो. खाली फक्त ‘रहमत’ एवढे नाव. ज्यांचे वडील किंवा भाऊ आखातात नोकरीला आहेत, अशी घरे कोकणात गावोगाव आहेत, आणि हे मासिकही तिथे जाते. त्या घरांतल्या मुलांना या कार्डाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्यांनी ते कार्ड कुणाच्या नावाने टाकायचे, हेही त्यांना सांगावे लागणार नाही.

तिसरे कार्ड मोठ्या मुलांसाठी. नववी-दहावीच्या पुढच्या मुलांनी सआदत हसन मंटोंची ‘टोबा टेकसिंग’ घ्यावी. पालकांनी आधी स्वतः वाचावी. फाळणीनंतर दोन्ही देशांनी वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांचीही अदलाबदल करायचे ठरवले, अशी ही गोष्ट. लाहोरच्या इस्पितळात बिशनसिंग नावाचा एक शीख आहे. पंधरा वर्षे तो उभाच आहे, पाय सुजलेले. टोबा टेकसिंग हे त्याचे गाव. ते आता हिंदुस्थानात की पाकिस्तानात, हे तो प्रत्येकाला विचारतो. भेटायला आलेल्या फजलदीन या आपल्या मुसलमान दोस्तालाही विचारतो. त्यालाही नीट सांगता येत नाही. शेवटी दोन देशांच्या कुंपणांमधल्या जमिनीच्या पट्ट्यावर तो कोसळतो.

या गोष्टीसाठी कार्डाची चित्राची बाजू घेऊच नका, मागची बाजू घ्या. मागे मधोमध उभी रेघ असते. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. त्या रेघेवरच एक माणूस आडवा काढा, आणि पत्त्याच्या जागी फक्त गावाचे नाव लिहा. बिशनसिंग सगळी गोष्टभर पत्ताच विचारत होता. या कार्डावर तेवढा पत्ता लिहिला तर टपालखाते ते कुठे पोचवणार? तेव्हा हे एक कार्ड पेटीत न टाकता घरातल्या भिंतीवर लावावे.

चेहऱ्याबद्दल

एका गोष्टीची अडचण काही घरांत येईल, तिच्याबद्दल स्पष्ट बोललेले बरे. सजीवांची चित्रे काढू नयेत असे मानणारी घरे आपल्यात आहेत, आणि मुलांच्या शिक्षणासाठी काढायला हरकत नाही असे मानणारीही आहेत. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. ज्यांनी त्यांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि आलिमांना विचारावे. आम्ही एवढेच सांगू की हा उद्योग दोन्ही घरांत होऊ शकतो. चिमटा, तवा, द्राक्षांची पेटी, झोळी, चिंचेचे झाड, काळ्या किनारीची टोपी, अनवाणी पायांचे धुळीतले ठसे : यांतले काहीही काढले तरी माणूस उभा राहतो.

उलट आमचा अनुभव असा की चेहरा न काढायची अट घातली की मुले जास्त विचार करतात. चेहरा काढायचा असला की दोन डोळे, एक नाक आणि हसरे तोंड, काम संपले. चेहरा नाही म्हटल्यावर ‘हा माणूस कोणत्या वस्तूवरून ओळखू येईल?’ हे शोधावे लागते. ते शोधायला गोष्ट पुन्हा वाचावी लागते, आणि या वेळी ती शब्दन् शब्द वाचली जाते.

कार्ड करताना

आता व्यवहाराच्या गोष्टी. टपालखात्याचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. घरी करताना जाड कार्डशीटचा ए-फोर आकाराचा कागद घ्यावा आणि त्याचे चार सारखे भाग करावेत. साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरच्या आसपासची चार कार्डे निघतात, कागद वाया जात नाही. पातळ ड्रॉइंग पेपर असेल तर दोन कागद खळीने एकमेकांवर चिकटवून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावेत.

चित्र थेट कार्डावर काढू नये. आधी रद्दी कागदावर त्याच मापाच्या चौकटी आखून चार-पाच छोटे आराखडे करावेत, आणि त्यांतला एक सर्वांनी मिळून निवडावा. ही निवड करताना जी चर्चा होते, तीच या उद्योगातली सर्वात मोलाची. ‘टोपी दिसली पाहिजे.’ ‘का?’ ‘कारण ती जुनी आहे.’ असे बोलणे घरात एरवी कुठे होते?

कडेला चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, म्हणजे कोपरे मळले तरी चित्राला धक्का लागत नाही. कार्ड पाकिटाविना प्रवास करते. त्याला पावसाचे थेंब लागतात, घामेजले हात लागतात. म्हणून पाण्याने पसरणारी शाई टाळावी. रंगीत पेन्सिली, मेणखडू किंवा न पुसणारी काळी शाई बरी. पत्त्याच्या बाजूला वरचा उजवा कोपरा तिकिटासाठी आणि शिक्क्यासाठी रिकामा ठेवावा. सहा आकडी पिनकोड सुटसुटीत लिहावा. घरी केलेल्या कार्डाला किती रुपयांचे तिकीट लावायचे, ते मुलांनी स्वतः टपाल कार्यालयात जाऊन विचारावे. खिडकीपाशी उभे राहून अदबीने विचारपूस करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

काही शाळा आणि महिला मंडळे अशी कार्डे छापून विकण्याचा विचार करतात. त्यांनी हक्कांची बाब लक्षात ठेवावी. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. प्रेमचंद १९३६ मध्ये गेले, टागोर १९४१ मध्ये, मंटो १९५५ मध्ये. त्यांच्या मूळ लेखनाची ती मुदत संपली आहे. मात्र मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. अनुवादातली ओळ कार्डावर छापायची तर त्याची परवानगी घ्यावी, किंवा मुलांनीच आपल्या शब्दांत एक ओळ लिहावी. आम्हाला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे.

मराठीतल्या गोष्टींकडेही वळावे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ सालच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये ‘मुलाण्याचा बकस’ आहे आणि ‘तांबोळ्याची खाला’ही आहे. माडगूळकर स्वतः चित्रे काढत, त्यामुळे त्यांच्या लिहिण्यातही पाहणाऱ्याची नजर आहे. हे पुस्तक वाचनालयात सहज मिळते. बकस आणि खाला कशा दिसतात, हे आम्ही इथे मुद्दाम सांगत नाही. मुलांनी वाचून काढावे.

कुणाला पाठवायचे?

ईदला कार्ड पाठवण्याची चाल आपल्याकडे चांगली शंभर वर्षांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोर, दिल्ली, मुंबई इथे ईदची कार्डे छापली जात. काही वेळा तर विलायती चित्रकार्डच घेत आणि त्यावर उर्दू शेर आणि ईद मुबारक छापून विकत. चित्रात युरोपातली फुले किंवा गोरी मुले, आणि खाली आपल्या भाषेत दुआ! घेणाऱ्याला त्यात वावगे वाटत नसे, कारण कार्ड आपल्या माणसाकडून आलेले असे. आता ईदच्या रात्री फोनवर पन्नास चित्रे येतात, ती सगळी एकसारखी असतात. चंद्र, मिनार, कंदील, चमचम. पाठवणाऱ्याने ते चित्र नीट पाहिलेले नसते, घेणारा तर दुसऱ्याच दिवशी पुसून टाकतो.

तेव्हा येत्या ईदला मुलांनी प्रत्येकी एकच कार्ड करावे आणि एकाच माणसाला पाठवावे. गावी एकटी राहणारी दादी किंवा नानी असेल तर तिला. परदेशी असलेल्या अब्बूंना. बदली होऊन गेलेल्या बाईंना. लहानपणी शेजारी राहणाऱ्या आणि आता दुसऱ्या वस्तीत गेलेल्या मैत्रिणीला, मग ती ईद साजरी करणारी असो वा दिवाळी. मागच्या बाजूला मोठा मजकूर नको. गोष्टीचे नाव, लेखकाचे नाव आणि ‘हे चित्र पाहून तुमची आठवण का आली’ याच्या दोन ओळी पुरेत.

दादीला वाचता येत नसेल, तर पोस्टमन किंवा शेजारची एखादी मुलगी वाचून दाखवील. चित्रातला चिमटा मात्र तिला कुणी समजावून सांगावा लागणार नाही. आणि जी मुले आपले कार्ड आमच्याकडे पाठवतील, त्यांनी एवढे जरूर लिहावे : गोष्टीतल्या कोणत्या वाक्यावरून हे चित्र काढले? कार्ड पाहण्याआधी आम्ही ते वाक्य वाचू.